जेट बदलण्याआधी: सायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनाला लावलेल्या नव्या कार्बोरेटरविषयी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. जुन्या सव्वीस इंची सायकलला तुम्ही ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे टू-स्ट्रोक इंजिन बसवले आहे. त्यासोबत आलेला छोटा कार्बोरेटर काढून मिकुनी या जपानी कंपनीच्या व्हीएम धर्तीचा, १८ मिलिमीटर तोंडाचा नकली कार्बोरेटर लावला आहे. गाडी थंड असताना नीट सुरू होते. गरम झाली की अर्ध्या थ्रॉटलवर भडभडते, स्लो (थ्रॉटल न देता इंजिन चालते तो वेग) कधी चढलेला तर कधी बसलेला असतो, आणि इंदूरलगतच्या राऊजवळ काकांच्या शेताच्या लांब खासगी रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने एक-दीड मिनिट नेली की घुसमटून बंद पडते. दोन मिनिटे थांबले की पुन्हा काही झालेच नाही अशी सुरू होते. तुम्ही प्लग बदलला, स्क्रू पुष्कळ वेळा फिरवून पाहिले, आणि आता मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी मुख्य बारीक छिद्राची पुळी, ड्रिलने मोठे करावे का, असे विचारले आहे.

ड्रिल कृपया बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून हे एक दुखणे नसून तीन आहेत, आणि त्यांपैकी दोन कार्बोरेटरच्या आतली नाहीत, असे माझे अनुमान आहे. लूना १९७२ साली आली, आणि इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंत जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादी तरी मोपेड उभी असे त्या काळापासून मी टू-स्ट्रोक इंजिने उघडत आलो आहे. त्या अनुभवावर एवढे ठामपणे सांगू शकतो, की ‘कार्बोरेटर बिघडला’ म्हणून आलेल्या गाड्यांत खरा बिघाड बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या अलीकडे तरी असे किंवा पलीकडे तरी.

सर्वांत सोपे दुखणे आधी निकालात काढू, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर काही वेळाने बंद पडणे. इथे ‘काही वेळाने’ हेच शब्द महत्त्वाचे आहेत. मेन जेट लहान असते तर इंजिन पूर्ण थ्रॉटल देताच पहिल्या काही सेकंदांत कुरकुरले असते. एक मिनिट उत्तम चालून मग दम सोडले नसते. मिनिटभर चालून बंद पडणे आणि थांबल्यावर बरे होणे, याचा अर्थ फ्लोटच्या वाटीतले, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी तरंगत्या फ्लोटने पातळी राखलेल्या छोट्या साठ्यातले, पेट्रोल संपते आहे आणि टाकीतून तितक्या वेगाने येत नाही. एवढ्या इंजिनाला पूर्ण भारावर मिनिटाला अंदाजे पंधरा-वीस मिलिलिटर पेट्रोल लागते, आणि वाटीत मावणारे पेट्रोल जेमतेम तितकेच असते. तुमचा एक-दीड मिनिटाचा हिशेब तिथे बरोबर जुळतो. सायकलच्या आडव्या दांडीवर बसवलेली टाकी कार्बोरेटरपेक्षा थोडीशीच उंच असते, म्हणून गुरुत्वाकर्षणाने मिळणारा दाब मुळातच नाममात्र. त्यात मोटारसायकलसाठीचा कागदी इनलाइन फिल्टर घातला, किंवा नळीला वर चढून खाली येणारा बाक राहिला, तर हवेचा बुडबुडा अडकून प्रवाह आणखी मंदावतो.

परीक्षा अशी करावी: नळी कार्बोरेटरपासून सोडवून मापाच्या बाटलीत धरावी, कॉक पूर्ण उघडावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजावे. इंजिन थंड असावे आणि आसपास विस्तव, विडी, चालू मोटर काही असू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगतो. मिनिटाला शंभर मिलिलिटर पेट्रोल आले तर काळजी नाही. चाळीसच्या खाली आले तर आधी टाकीचे झाकण सैल करून हीच मोजणी पुन्हा करावी. झाकण सैल करताच धार वाढली, तर झाकणाचे हवेचे बारीक छिद्र बुजलेले आहे आणि तुमचे दुखणे एका सुईने बरे होणार आहे. फरक पडला नाही तर कॉकच्या टाकीतल्या टोकाची जाळी पाहावी, कागदी फिल्टर काढून साध्या जाळीचा लावावा आणि नळी उताराने सरळ खाली येईल अशी कापावी. गाडी घुसमटत असताना चोक अर्धवट ओढल्यावर क्षणभर सावरली, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून जेट लहान असल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण वाटी रिकामी होत आली असतानाही चोक तसाच क्षणभर आधार देतो, त्यामुळे तो पुरावा येथे ग्राह्य धरता येत नाही.

दुसरे दुखणे आहे स्लोचा लहरीपणा, आणि त्यात माझा संशय बाहेरून शिरणाऱ्या हवेवर आहे. स्क्रूला हात न लावता स्लो एकदा वर, एकदा खाली जात असेल, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा आवाज उतरायला वेळ लागत असेल, तर मिश्रणात कार्बोरेटरने न मोजलेली हवा येते आहे, असे समजावे. मात्र त्याआधी एक किरकोळ शक्यता तपासावी: गाडी स्लोवर चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. आवाज बदलला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. केबलला मिलिमीटर-दीड मिलिमीटर ढील ठेवली की काम झाले.

हवा शिरण्याचा मुख्य रस्ता म्हणजे मॅनिफोल्ड, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारी छोटी नळी. किटसोबतचा मॅनिफोल्ड मूळ छोट्या कार्बोरेटरसाठी असतो, आणि १८ मिलिमीटरचा कार्बोरेटर त्यावर बसवायला लोक रबरी नळीचा तुकडा, कापलेली ट्यूब किंवा पातळ पत्र्याची गुंडाळी वापरतात. ते बाहेरून घट्ट दिसते आणि आतून गळत असते. शिवाय मॅनिफोल्डची सिलिंडरला लागणारी ओतीव कड क्वचितच सपाट असते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ती कड आठाच्या आकड्यात घासावी. सर्व पृष्ठभाग सारखा चकाकेपर्यंत घासल्यावर गॅस्केट शीटमधून नवे गॅस्केट कापून बसवावे. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये योग्य मापाचा रबरी फ्लँज जोड घेणे सर्वांत चांगले. छोटी ग्वालटोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत कार्बोरेटर हातात घेऊन गेलात तर जुन्या मोटारसायकलींचा एखादा जोड मापात सापडण्याची शक्यता बरीच आहे. रबरी जोडाचा आणखी एक फायदा असा, की सायकलच्या चौकटीला घट्ट आवळलेल्या इंजिनाचा थरकाप वाटीतल्या पेट्रोलपर्यंत कमी पोचतो. ठरावीक वेगावरच इंजिन अडखळते आणि त्याच्या वर-खाली ठीक चालते, तेव्हा पुष्कळदा वाटीतल्या पेट्रोलला थरकापाने फेस आलेला असतो, आणि त्या रोगावर कोणतेही जेट चालत नाही.

मॅनिफोल्ड नीट केल्यावरही स्लो स्थिर झाला नाही, तर क्रँकच्या ऑइल सीलपर्यंत जावे लागेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाही श्वासमार्गाचा भाग असतो, आणि मॅग्नेटोच्या (प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील कडक झाले की तिथून हवा आत ओढली जाते. ते पाहण्याची माझी पद्धत थोडी गावठी आहे, पण आजवर तिने फसवलेले नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा घ्यावा. जुन्या प्लगमधले चिनीमातीचे अंग फोडून काढावे, उरलेल्या आट्यांच्या भागात नळी पक्की बसवावी आणि तो प्लगच्या जागी लावावा. सायलेन्सर काढून त्या तोंडावर रबराची चकती आवळावी, मॅनिफोल्डच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवावे आणि पिस्टन सर्वांत खालच्या बिंदूवर आणावा. त्या स्थितीत ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये मिश्रण नेणारे मार्ग, उघडे असल्याने दाब सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये उतरतो. काटा २५० पर्यंत नेऊन थांबावे. मिनिटभरात काटा ठळकपणे खाली आला, तर साबणाचे पाणी जोडांवर, सिलिंडरच्या तळाशी आणि सीलांजवळ लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. अर्धा तास जातो, पण नंतर चार रविवार वाचतात.

हा सगळा खटाटोप जेटच्या आधी का, हे एकदा माझ्याच हातून घडलेल्या प्रकाराने सांगतो. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच असतो. अशाच एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी तरुणपणी एका मोपेडला एक माप लहान जेट घातले, आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट एका कडेला दबलेले आहे हे पाहायचे राहिले. शहरात गाडी सुरेख चालली. दुसऱ्या आठवड्यात तो सिमरोलच्या घाटात सामानासह गेला, आणि चढावर पिस्टन सिलिंडरला चिकटला. लहान जेट एकटे कदाचित निभावून गेले असते आणि गळके गॅस्केट एकटेही निभावले असते, पण दोन्ही मिळून मिश्रण इतके विरळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल इतके कमी पडले, की पिस्टनचा माथा तापून सीझ झाला. सिलिंडरचा खर्च मी सोसला. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलसोबतच येते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता मात्र जास्त.

आता तिसरे दुखणे, अर्ध्या थ्रॉटलवरची भडभड. हे खरोखर कार्बोरेटरचे आहे. मिश्रण दाट झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाले, की टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला पेटण्याऐवजी एक आड एक फेरीला पेटते आणि चार-स्ट्रोकच्या गाडीसारखा जाड, तुटक आवाज येतो. भार नसताना, उतारावर किंवा थ्रॉटल हलके धरल्यावर असा थोडा आवाज आला तर मी त्याला हात लावत नाही. चढ लागताच तो आवाज साफ होत असेल तर मिश्रण सुरक्षित बाजूला आहे. चढावरही भडभड राहिली तर मात्र दुरुस्ती हवी.

दुरुस्ती करण्यापूर्वी वाटीतली पातळी पाहावी, कारण ती चुकली असेल तर वरचे सर्व आकडे निरर्थक ठरतात. तुमच्या कार्बोरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा स्क्रू असेल तर त्याला पारदर्शक नळी जोडून ती कार्बोरेटरच्या अंगालगत उभी धरावी आणि कॉक उघडावा. नळीतले पेट्रोल वाटी आणि अंग यांच्या सांध्याच्या किंचित खाली स्थिरावले पाहिजे. सांध्याच्या वर गेले तर फ्लोटची सुई नीट बसत नाही किंवा फ्लोटची जीभ जास्त वाकलेली आहे. सायकलच्या चौकटीत जागा अपुरी असल्याने कार्बोरेटर एका कुशीवर कलता बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. तसे असेल तर पातळी कधीच जुळणार नाही, आधी तो सरळ बसवावा. एअर फिल्टर कायमचा कोणता ठेवायचा, हेही याच टप्प्यावर ठरवावे. फिल्टर काढून जुळवणी केली आणि नंतर लावला, किंवा उलट केले, तर सगळे पुन्हा करावे लागते.

यानंतरचा क्रम मेन जेट, मग नीडल (थ्रॉटलसोबत वर-खाली होऊन मधल्या टप्प्यातले पेट्रोल ठरवणारी निमुळती सुई), मग स्लो असा असावा, कारण मेन जेटमधून येणारे पेट्रोल नीडलच्या टप्प्यावरही काही अंशी परिणाम करते. मेन जेटसाठी मोठ्या मापापासून सुरुवात करून खाली यावे. लहानापासून वर जाण्यात इंजिनाचा जीव पणाला लागतो. प्रवाहाची तक्रार दूर झाल्यावर पूर्ण थ्रॉटलवर गाडी भारावर असताना थ्रॉटल किंचित मागे घ्यावे. तसे करताच गाडी जोर धरू लागली तर जेट लहान आहे. जोर कमी झाला आणि आधी आवाज साफ होता तर जेट योग्य आहे. पूर्ण थ्रॉटलवर जाड, तुटक आवाज येत असेल तर जेट मोठे आहे. खात्रीसाठी नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलने चालवावे, क्लच दाबून त्याच क्षणी किल बटणाने इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. फिकट कॉफीचा रंग चांगला. पांढुरका रंग आणि टोकाला चकाकणारे कण म्हणजे धोक्याची सूचना.

जेटवरच्या आकड्यांनी फसू नका. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवर जो आकडा असतो तो पेट्रोलच्या प्रवाहाचा असतो, तर केहिन किंवा डेलॉर्टो या कंपन्यांच्या जेटवर तो छिद्राच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शतांशांत असतो. मिकुनीचे ८० आणि केहिनचे ८० ही एकच वस्तू नाही. नकली जेटांत तर एकाच आकड्याची दोन जेटे सारखी निघतील याचीही खात्री नसते, म्हणून एका दुकानातून एकाच संचातली चार-पाच लागोपाठची मापे घ्यावीत. ड्रिलने भोक वाढवण्याला माझा विरोध याच कारणासाठी आहे: व्यास सत्तर शतांशांवरून ऐंशीवर गेला तर छिद्राचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढते, आणि हातातल्या ड्रिलने शतांशाचा हिशेब सांभाळता येत नाही. साफ करतानाही ब्रेकच्या केबलमधली पोलादी तार घालू नये. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो.

परदेशी तक्त्यांत दिलेली मापे बघून जेट मागवले, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून इंदूरचा हिशेब सांगतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे हवा सुमारे पाच टक्के विरळ असते. कार्बोरेटरमध्ये याचा परिणाम निम्माच होऊन मिश्रण अडीच टक्क्यांच्या आसपास दाट होते. दुसरीकडे पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग, आणि या मिश्रणाला साधारण १३.५ भाग; म्हणजे तेच जेट आता आठेक टक्के विरळ पडते. उंची आणि इथेनॉल एकमेकांना थोडे कापतात, तरी पाच-सहा टक्क्यांची तूट उरतेच. समुद्रसपाटीवर शुद्ध पेट्रोलसाठी दिलेले माप प्रवाहाच्या आकड्यात ८० असेल तर इथे ८५ पासून पाहावे, आणि व्यासाच्या आकड्यात ७० असेल तर ७२ पासून. ऋतूचाही असाच परिणाम आहे. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी तंतोतंत जुळवलेली गाडी जानेवारीच्या १० अंशांच्या सकाळी सुमारे पाच टक्के विरळ चालते, म्हणून उन्हाळ्यात केलेली जुळवणी किंचित दाट ठेवावी.

मेन जेट बसल्यावर नीडलकडे वळावे. नीडलवर पाच खाचा असतात आणि त्यांपैकी एकीत छोटी क्लिप असते. क्लिप वरच्या खाचेत नेली की नीडल खाली बसते आणि मिश्रण विरळ होते. क्लिप खाली नेली की नीडल उचलली जाते आणि मिश्रण दाट होते. इथे चांगले कारागीरही उलटसुलट करतात, म्हणून सध्याची खाच कागदावर लिहून ठेवा. तुमच्या लक्षणांवरून क्लिप एक खाच वर नेल्यास अर्ध्या थ्रॉटलची भडभड जावी. सर्वांत वरच्या खाचेतही ती राहिली तर पातळी पुन्हा पाहावी, कारण नकली कार्बोरेटरांत नीडल जेटचे, म्हणजे नीडल ज्यात वर-खाली होते त्या नळीचे, भोकच सैल असण्याची शक्यता असते आणि मग सुटा भाग बदलण्यापेक्षा कार्बोरेटर बदलणे स्वस्त पडते.

स्लोसाठी तुमच्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणून तो आत फिरवला की मिश्रण दाट होते आणि बाहेर काढला की विरळ. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असलेल्या कार्बोरेटरांत हे उलटे असते. इंजिन पूर्ण गरम करून स्क्रू हलकेच आत टेकवावा, दीड फेरी बाहेर काढावा, मग पाव-पाव फेरीने पुढे-मागे करत सर्वांत चढता आवाज शोधावा आणि स्लाइडच्या (थ्रॉटलने उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या) स्क्रूने स्लो खाली आणावा. सर्वोत्तम जागा अर्ध्या फेरीच्या आत आली तर पायलट जेट (स्लोसाठी पेट्रोल देणारे छोटे जेट) लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर ते मोठे आहे.

कार्बोरेटरच्या मापाबद्दल माझे स्पष्ट मत असे, की तुमच्या इंजिनाला १८ मिलिमीटर ही चैन आहे. ‘८० सीसी’ म्हणून मिळणाऱ्या या इंजिनाचा बोअर ४७ आणि स्ट्रोक ३८ मिलिमीटर असेल तर हिशेबाने ते ६६ सीसीच भरते. तोंड मोठे असले की कमी वेगावर हवेची गती मंदावते आणि जेटमधून पेट्रोल ओढण्याचा जोर घटतो, त्यामुळे खालच्या टप्प्यात गाडी आळशी वाटते. ते जुळवता येते, पण मूळ छोटा कार्बोरेटर फेकून देऊ नका.

तेलाचे प्रमाण एकदा ठरवून तेच ठेवावे: २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, आणि तेही मापाच्या बाटलीने, पंपावर ‘दोन झाकणे टाका’ ही जुनी सवय येथे चालणार नाही. तेल वाढवले की तेवढेच पेट्रोल जेटमधून कमी जाते, म्हणजे मिश्रण विरळ होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी, कारण इथेनॉलचे पेट्रोल मालव्याच्या दमट हवेतले पाणी शोषते आणि स्वस्त रबरी सील फुगवते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. तुमचे इंजिन त्याच्या पलीकडचे असल्याने नोंदणी, विमा आणि परवान्याशिवाय ते सुपर कॉरिडॉरसारख्या सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. चाचण्या काकांच्या शेताच्या रस्त्यावरच ठेवा, हेल्मेट घालून, आणि सायकलचे ब्रेक या वेगासाठी बनलेले नाहीत हे लक्षात घेऊन.

आधी पेट्रोलची मिनिटाची मोजणी, मग मॅनिफोल्ड, मग नळीतली पातळी, एवढे करा आणि एका वेळी एकच बदल करून वहीत नोंदवा. पुढचा प्रश्न पाठवाल तेव्हा मिनिटाला किती मिलिलिटर पेट्रोल आले, पातळी सांध्यापासून किती खाली राहिली, क्लिप कितव्या खाचेत आहे आणि मेन जेटवरचा आकडा काय आहे, हे कळवा. शक्य असल्यास कार्बोरेटरचा मॅनिफोल्डच्या बाजूने, सरळ समोरून घेतलेला फोटो पाठवा, म्हणजे तो कलता बसला आहे की नाही ते मला इथून पाहता येईल.